मामांचा उजवा गाल

कावेरीच्या दोन्ही काठांवर मिळून माझ्या मामांइतका स्वतःच्या गालाचा विचार केलेला पुरुष झाला नसेल. म्हणजे मामा नटवे होते असं कुणी समजू नये. आरशात ते भांग पाडण्यापुरतेच बघत, आणि भांग पाडण्याजोगे केसही त्यांना बेताचेच होते. पांढरी वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं लुंगीसारखं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला गंध, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात दहीभाताचा डबा, अशा थाटात हा माणूस रोज सकाळी तंजावूरहून तिरुवैयारूला कालव्यांच्या सरकारी कचेरीत जाई आणि संध्याकाळी तसाच परत येई. वर्षानुवर्षं. या जाण्यायेण्यात त्यांच्या चेहऱ्याचे दोन भाग झाले. डावा गाल आईच्या घराण्याचा, गव्हाळ, मऊ, लग्नाच्या फोटोत शोभेलसा. उजवा गाल मात्र भट्टीतल्या विटेसारखा भाजून निघालेला. डावीकडून पाहिलं तर मामा कचेरीतले हेडक्लार्क दिसत, उजवीकडून पाहिलं तर त्याच कचेरीचे कालवे खणणारे.

हे कसं झालं ते सांगते. आमच्याकडच्या बसमध्ये डाव्या हाताची बाकं बायकांची आणि उजव्या हाताची पुरुषांची. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण तो मोडायची छाती कलेक्टरलाही झाली नसती. तिरुवैयारू तंजावूरच्या सरळ उत्तरेला. सकाळी बस निघाली की उगवतीचं ऊन उजव्या खिडक्यांतून आत येई. संध्याकाळी बस दक्षिणेला तोंड करून परत निघाली की मावळतीचं ऊन, तेही उजव्याच खिडक्यांतून. सूर्य बिचारा आपली बाजू बदलायचा, बसही बदलायची, मामा तेवढे त्याच खिडकीपाशी बसून राहायचे. आत सरकून बसा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. "खिडकी सोडली तर वारं कुठनं येणार?" एवढंच ते म्हणत, आणि विषय बदलत.

आता मामांचा स्वभाव. कुठलीही वस्तू निवडणं हे त्यांच्या लेखी मुलीचं कन्यादान करण्याइतकं जोखमीचं काम होतं. चपला घ्यायच्या तर एका पायात एका दुकानची आणि दुसऱ्या पायात दुसऱ्या दुकानची घालून राजवाड्याला प्रदक्षिणा घालत, आणि दोन्ही दुकानदार आपापल्या उरलेल्या चपलेला धरून वाट बघत बसत. छत्री घेताना त्यांनी मला स्टुलावर उभं करून वरून घागरभर पाणी ओतायला लावलं होतं, आणि ते दुकानात. पण कळस झाला तो पंख्याच्या वेळी. छताला टांगायचा एक पंखा घ्यायचा होता. मामा रोज संध्याकाळी दुकानात जाऊन एकेका पंख्याखाली पेपर वाचत बसू लागले. कोणत्या पंख्याखाली पान किती फडफडतं ते बघायचं होतं म्हणे. पुढे पुढे दुकानदार त्यांना कॉफी मागवू लागला, आणि एकदा नात्यात मयत झाली म्हणून दुकान त्यांच्यावर सोपवून निघूनही गेला. परत येऊन बघतो तर मामांनी आलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना "घाई करूं नका, नीट विचार करा" असं सांगून परत पाठवलेलं. पंखा आमच्या घरी शेवटी आला, पण तो आईनं आणला.

अशा माणसाच्या नशिबी तो काळ यावा हा दैवाचाच खेळ. त्याआधी देशात वस्तू मोजक्या होत्या. चेहऱ्याला लावायचा स्नो मिळायचा तो एकाच जातीचा, आणि प्रश्न एवढाच असे की घ्यायचा की नाही. मग दिल्लीत कुणीतरी दारं उघडली, बाहेरच्या कंपन्या आत आल्या, आणि बघता बघता आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या फॅन्सी स्टोरात, जिथं तोवर बांगड्या, रिबिनी आणि टिकल्या मिळत, तिथं छतापासून क्रीमच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. मुरुमांचं वेगळं, सुरकुत्यांचं वेगळं, रात्रीचं वेगळं, दिवसाचं वेगळं. आणि त्यात एक नवाच प्रकार: रोज सकाळी लावायचं, चेहरा मऊ ठेवणारं आणि वर उन्हापासून वाचवणारं. मी तेव्हा कॉलेजात जात होते, त्यामुळे घरात या विषयातली पंडिता मी. पण मामांना क्रीमची गरज पडली ती पापनाशममुळे.

पापनाशमला आई मामांना घेऊन एक स्थळ बघायला गेली होती. मामांचं वय चाळिशीला टेकलेलं, तरी लग्न व्हायचं होतं. आतापर्यंत किती मुली पाहिल्या आणि किती वेळा "विचार करून सांगतों" म्हणाले याचा हिशेब आईनं सोडून दिला होता. या खेपेला मात्र आईनं निघण्याआधीच त्यांच्याकडून होकार वदवून घेतला होता. तिथं मुलीची आई बसली मामांच्या डावीकडे आणि आत्या बसली उजवीकडे. उप्पुमा झाला, कॉफी झाली, मंडळी आत गेली, आणि आतून भांडणाचे आवाज येऊ लागले. मुलीची आई म्हणे मुलगा चांगला गोरटेला आहे, आत्या म्हणे वहिनी तुमच्या डोळ्यांना काय झालंय. शेवटी मुलीचे वडील बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "रागावूं नका, पण ह्यांतला खरा गाल कुठला?" आईनं बसची सगळी हकीकत दिशांसकट समजावून सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, मान हलवली, आणि कुठलातरी त्वचेचा रोग आमच्यावर ठेवून नकार कळवला.

आई संतापली. परतल्यावर चार-सहा दिवसांनी मी अंगणात केस वाळवत बसले होते, तर मामा माझ्याशेजारी येऊन बसले आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "अगो पोरी, चेहऱ्यास लावायचं तें ऊन-क्रीम असतं म्हणे. तुज ठाऊक आहे कां?"

मी हसू दाबत विचारलं, "पापनाशमला परत जायचंय की काय?"

"छे गो. पापनाशम गेलं पापनाशमला." आणि मग बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत बसले. शेवटी जे बाहेर पडलं ते असं. तिरुवैयारूच्या ट्रेझरीत सरोजा नावाची एक क्लार्क होती. राजवाड्यामागच्या गल्लीतली, आमच्यासारखीच मराठी घरातली, वडिलांच्या आजारपणात लग्नाचं वय मागे पडलेली. ती रोज त्याच बसनं जाई, डावीकडच्या बायकांच्या बाकावर, मामांच्या एक रांग पुढे. पुरुषांच्या बाकावर खिडकीपाशी बसलं की तिची वेणी, तिचा कान आणि कधी हसली तर अर्धं हसू दिसे. आत सरकलं तर मधे कुणाचं तरी डोकं येई. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणूस इतकी वर्षं गाल भाजून घेत होता तो वाऱ्यासाठी नव्हे.

"मग आईला सांगा की! आई उद्या जाऊन विचारून येईल."

"विचारायचंच आहे. पण अगो, तिनं मज पाहिलं आहे तें नेहमी डावीकडनं. ती बसते तिथनं डावाच गाल दिसतो. उद्या समोर बसली नि दुसरा पाहिला, तर फसवलं म्हणेल कीं." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला हसावं की रडावं कळेना. त्यांना गोरं व्हायचं नव्हतं हे इथं सांगायला हवं. डावा गाल काळा करून भागलं असतं तर त्यांनी तेही केलं असतं. त्यांना हवा होता एकसारखा चेहरा, दोन्ही बाजूंनी एकच माणूस दिसेल असा.

आईच्या कानावर मी ते घातलंच. आईला कोण आनंद झाला! सरोजा तिला देवळात नेहमी भेटायची, आवडायची. ती त्याच संध्याकाळी पानसुपारी घेऊन निघाली होती, पण मामांनी दार अडवलं. क्रीम निवडून गाल सारखा होईपर्यंत कुणी एक शब्द काढायचा नाही. "अरे," आई कडाडली, "बायको आणायची आहे कां भिंतीस रंग द्यायचा आहे? अगोदर विचारूं, मग फासत बैस!" पण मामा ऐकेनात. शेवटी तह झाला: आडी महिना लागायच्या आत. आमच्याकडे आडी महिन्यात शुभकार्याचं नावही काढत नाहीत, म्हणून त्याआधी क्रीम ठरो वा न ठरो, आई विचारायला जाणार. आणि आईनं बजावलं, "तिच्याकडे कुंभकोणमचं एक स्थळ येऊन गेलंय. तुझ्यासाठीं कुणी थांबून राहिलं नाहीं."

मग सुरू झाले प्रयोग. आम्ही दोघं फॅन्सी स्टोरात गेलो. पुड्यांवर आकडे होते, कुठं पंधरा, कुठं वीस, कुठं तीस. मामांनी चष्मा कपाळावर चढवून दुकानदाराला तमिळमध्ये विचारलं, "पंधरा म्हणजे पंधरा काय?" दुकानदार म्हणाला, "पंधरा म्हणजे पंधरा, सार." "पण मैल, मिनिटं, डिग्री, काहीतरी असेल ना?" दुकानदारानं थोडा विचार करून सांगितलं की वीस हे पंधरापेक्षा नक्की जास्त आहे, याची तो खात्री देतो. मामांनी मला विचारलं, मला माझ्या मैत्रिणींनी जे सांगितलं होतं ते मी ठोकून दिलं. मामांना ते पटलं नाही. सरकारी माणूस एककाशिवायच्या आकड्यावर सही करत नाही. त्यांनी एकेका जातीची पुडी घेतली आणि प्रत्येकीला एकेक पंधरवडा द्यायचा ठरवलं. निवडणूकच होती ती, फक्त मतदार एकच आणि तोही उजवा गाल.

पहिल्या क्रीमनं चेहरा असा पांढरा पडला की आमच्या तंजावूरच्या मान डोलावणाऱ्या बाहुलीला वेष्टी नेसवल्यासारखं दिसे. त्यात बस खड्ड्यातून गेली की मामांची मानही डोले. दुसरं क्रीम तेलकट निघालं. तेव्हा थै महिन्यातली, म्हणजे संक्रांतीनंतरची, कापणी चालू होती, शेतकरी भात रस्त्यावरच पसरायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांखाली आपोआप मळणी व्हायची. उडालेला सगळा कोंडा खिडकीतून येऊन मामांच्या गालावर बसला. कचेरीत पोचले तेव्हा त्यांना एका बाजूला सोनेरी दाढी आली होती, आणि साहेबांनी म्हणे कुठला नवस आहे म्हणून विचारलं. तिसऱ्याचा त्रास कपाळाला. क्रीमवर गंध धरेना. सकाळी उभं लावलेलं गंध वेण्णार नदीच्या पुलापर्यंत भुवईवर येई आणि तिरुवैयारू येईतो नाकाच्या शेंड्यावर. मग मामा कपाळ वगळून क्रीम लावू लागले, तर कपाळाचा आणखी तिसराच रंग दिसायला लागला.

त्यातच मडीचं घोडं अडलं. म्हणजे सोवळ्याचं. स्नान करून देवपूजा व्हायची, मग क्रीम. पण त्या क्रीममध्ये काय काय पडलंय ते कुणाला ठाऊक? मामांनी ती पुडी आमच्या शास्त्रीबुवांकडे नेली. शास्त्रीबुवांनी ती उलटसुलट करून पाहिली, वास घेतला, मागचं बारीक इंग्रजी वाचता येईना म्हणून पुन्हा वास घेतला. मग म्हणाले, "पूजेच्या अगोदर नको. पूजा झाल्यावर पुरुषानं लावलं तर शास्त्र त्याविषयीं कांहीं बोलत नाहीं." मामा उठू लागले तसे हळूच पुढे म्हणाले, "तें गुलाबाच्या वासाचं असेल तर एक इकडे ठेवा. होमापुढे बसून तोंड फार भाजतं."

गुलाबाच्या वासाचं क्रीम चौथं की पाचवं. ते लावून मामा बसमध्ये चढले आणि डावीकडच्या सगळ्या बाकांवरच्या बायकांनी माना वळवल्या. सरोजानंही. त्या दिवशी ती प्रथमच पुरती मागे वळली, मामांच्या चेहऱ्याकडे क्षणभर नीट पाहिलं, आणि मग जी पुढे बघायला लागली ती तिरुवैयारू येईपर्यंत हलली नाही. मामा घरी आले ते पार खचून. "पाहिला गो तिनं. उजवा पाहिला," एवढंच म्हणाले आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवसापासून शोध दुप्पट जोरानं सुरू झाला. खिडकीला ओला पंचा बांधून झाला, मागच्या लोकांनी तो सोडवला. बसमध्ये छत्री उघडून झाली, कंडक्टरनं ती मिटवली. वैशाखात आमच्याकडे अग्नी नक्षत्र लागतं, तेव्हा कुत्रीसुद्धा देवळाच्या सावलीतून हलत नाहीत. मामांच्या मते खरी परीक्षा तीच. त्या दिवसांत टिकेल ते क्रीम खरं. आई रोज पंचांग उघडून आडी किती दूर आहे ते मोठ्यानं वाचून दाखवी, आणि मामा म्हणत, "अक्का, इतकं आलंय तर अजून थोडं. अर्धवट चेहरा घेऊन कुणाच्या दारांत जाऊं?"

आणि खरं सांगते, निवड झाली. अग्नी नक्षत्र उतरल्यावर एका सकाळी मामांनी मला अंगणात उजेडात उभं केलं आणि आधी डावा गाल पुढे केला, मग उजवा. अगदी सारखे नव्हते, पण सख्खे भाऊ म्हणून नक्की खपले असते. क्रीम साधंच होतं, बिनवासाचं, कुठल्याशा नव्या कंपनीचं, पंधरा आकड्याचं. मामांनी त्याची पुडी नव्हे, आख्खी बाटली आणली होती. आयुष्यात इतक्या ठामपणे त्यांनी काही विकत घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. "अक्का," ते म्हणाले, "आतां जाऊन ये."

आई नवी साडी नेसून, केळी, नारळ, पानसुपारीचं ताट घेऊन गेली. आम्ही दोघं ओट्यावर बसून होतो. मामा एकदाही उठले नाहीत. आई लवकर परतली, आणि ताट तसंच्या तसं तिच्या हातात होतं. कुंभकोणमचं गेल्याच शुक्रवारी ठरलं होतं. मुलीनं फार दिवस ताटकळत ठेवलं होतं म्हणे, मग अचानक एकदा घरी येऊन वडिलांना म्हणाली, करून टाका. आईनं मग येण्याचं कारणही सांगितलं नाही, सहज आले म्हणाली आणि पाणी पिऊन उठली.

मामा ऐकून म्हणाले, "सरि, बरं झालं. चांगलं स्थळ आहे तें." आणि डबा भरून घेऊन नेहमीच्या बसनं कचेरीत गेले.

लग्न आडी सरल्यावर आवणी महिन्यात झालं. आम्हां सगळ्यांना बोलावणं होतं, गावात मराठी घरं ती किती. मला वाटलं मामा येणार नाहीत, पण ते इस्त्रीची वेष्टी नेसून सगळ्यांच्या आधी तयार. मुहूर्त उरकल्यावर आम्ही भेटायला गेलो. हळदीनं, घामानं आणि होमाच्या धुरानं सरोजाचा चेहरा पिवळाधमक झाला होता, आणि ती फार सुंदर दिसत होती. तिनं आईला नमस्कार केला, मग मामांकडे बघून हसली. पुरतं हसू मामांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असेल.

"आतां तुमचं कधीं?" ती म्हणाली. "आम्हांस बसमध्ये सगळं कळत होतं हो. एकदम क्रीम काय, गुलाबाचा वास काय, छत्री काय. तेव्हांच मीं म्हटलं, ह्यांचं कुठंतरी ठरलंय." आणि मग आवाज जरासा खाली करून, नवऱ्याला ऐकू जाऊ नये इतका, "त्याअगोदर मज वाटायचं... असो. ठरलं होतं ना कुठं?"

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी मामांकडे बघितलं. वाटलं, आता ते म्हणतील विचार करून सांगतो. पण ते लगेच बोलले.

"ठरलं होतं," मामा म्हणाले. "माझ्याकडून तर केव्हांच ठरलं होतं."

"मग काय झालं?"

"मीं विचारायचं राहिलं."

तिला कळलं असावं असं मला वाटतं, कारण तिनं डोळे खाली केले आणि हातातल्या फुलांच्या माळेची एक पाकळी उगीचच खुडली. तेवढ्यात फोटोवाल्यानं तिला हाक मारली.

पंगत बसली तेव्हा वाढपी कमी पडले. मामांनी कुणाला न विचारता वेष्टी गुडघ्यावर दुमडून बांधली आणि पायसमची, म्हणजे खिरीची, बादली उचलली. केळीच्या पानांच्या रांगेत ते झपाझप वाढत गेले, कुणाला किती, कुणाला आणखी, एका जागीही अडले नाहीत. नव्या जोडप्याच्या पानांपाशी आले तेव्हा आधी नवऱ्याला वाढलं, मग तिला. "पुरे," ती म्हणाली. मामांनी ऐकलं नाही, आणखी एक पळी वाढली आणि पुढे गेले. मला त्या वेळी त्यांचा फार राग आला होता, आणि माझ्या या मामाइतकं मला आयुष्यात दुसरं कुणी कधी आवडलंही नव्हतं. माझ्या पानापाशी आले तेव्हा त्यांच्या दोन्ही गालांवरून घाम वाहत होता, निदान मी तरी तो घामच धरला, आणि पान पुढे केलं.